कारल्याचे बी आणि औषधाची गोळी

मराठी माणूस मुलूख सोडून दूर जाऊन स्थायिक झाला, की त्याच्या बोलीत जशी शेजारची भाषा मिसळते, तशीच त्याच्या ताटात शेजारची चवही उतरते. इंदूरला सकाळच्या पोह्यांशेजारी जिलेबी येऊन बसते. बडोद्यात आमटीत गूळ घालणारा हात जरा सैल होतो. बेळगावात पाहुण्यापुढे कुंदा ठेवल्यावाचून पाहुणचार पुरा झाला असे वाटत नाही. हा गोडवा आपण प्रेमाने आपलासा केला. पुरणपोळी आणि श्रीखंड तर आपल्याबरोबर आलेच होते. परंतु या गोडव्याची दुसरी बाजू अलीकडे घरोघर दिसू लागली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे, आणि राज्यवार पाहता त्याचे सर्वांत अधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे प्रौढांत २६.४ टक्के आढळले. याचा अर्थ असा, की तेथे चार प्रौढांमागे एकाहून अधिक माणसे या व्याधीच्या छायेत आहेत.

घरात हा आजार शिरला, की त्याच्यामागोमाग दोन प्रकारचे सल्लागार येतात. एक डॉक्टर, ते रक्त तपासून गोळ्या लिहून देतात. दुसरे आप्तेष्ट व शेजारी; ते सांगतात, ‘‘गोळ्यांच्या नादी कशाला लागता? सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस घ्या, मेथ्या भिजवून खा. आमच्या मामांची साखर महिन्यात उतरली.’’ पहिला सल्ला खर्चाचा आणि जन्मभराचा वाटतो. दुसरा घरचा, स्वस्त आणि परंपरेने पावन झालेला. सुशिक्षित मंडळी दुसऱ्या सल्ल्याला हसतात, श्रद्धाळू मंडळी पहिल्याला टाळतात. खरे पाहता दोघांचेही थोडे चुकते. भाज्यांमध्ये रक्तातील साखरेवर परिणाम करणारी द्रव्ये आहेत, हे शास्त्रज्ञांनी नाकारलेले नाही. उलट त्यांचा कसून शोध घेतला आहे. मात्र भाजीत गुण असणे आणि भाजी हे औषध असणे या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे. ते अंतर नेमके किती, याचाच विचार या लेखात करावयाचा आहे.

जुनी ओळख

मधुमेहाची ओळख आपल्याकडे नवी नाही. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले असून मधुमेह हा त्यांतील एक. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले. एक रोगी जन्मतःच दोष घेऊन आलेला व कृश, तर दुसरा अपथ्यामुळे रोग ओढवून घेतलेला व स्थूल, असा भेदही सुश्रुताने केला. आजचे वैद्यक ज्यांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणते, त्यांची आठवण यावी असाच हा भेद आहे. विशेष असे, की सुश्रुताने केवळ औषधी सांगून काम संपवले नाही. निर्धन रुग्णाने दूरदूर पायी चालावे, विहीर खणावी, असा कष्टाचा उपचारही त्याने सांगितला. परंपरेचा दाखला देऊन कारल्याचा रस पिणारे आपण परंपरेतील हे चालणे आणि खणणे मात्र सोयीस्करपणे विसरतो!

कारल्यात असते तरी काय?

‘कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी ते कडूच’ अशी आपली म्हण आहे. कारल्याचा हा हट्टी कडूपणाच शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय झाला. कारल्यापासून वेगळे काढलेले चॅरँटिन नावाचे द्रव्य १९६०च्या दशकापासून अभ्यासले जात आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने रक्तातील साखर उतरवलेली दिसली. पुढे १९८१ साली जयपूर येथील संशोधकांनी कारल्यातील एका प्रथिनसदृश द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘पॉलिपेप्टाइड-पी’ या नावाने ते ओळखले जाते. इन्शुलिनप्रमाणे कातडीखाली टोचल्यावर त्याने रुग्णांच्या रक्तातील साखर कमी केली, असे त्यांना आढळले. नंतरच्या काळात कारल्यातील काही कडू द्रव्ये पेशींतील एका विकराला जागे करतात असेही दिसून आले. हे विकर जागे झाले, की स्नायू रक्तातील साखर अधिक प्रमाणात आत ओढून घेतात.

इतके वाचून कोणालाही वाटेल, की मग अडचण ती कोठे राहिली? अडचण अशी आहे, की चॅरँटिन पाण्यात फारसे विरघळत नाही. मग पेलाभर रसात ते किती उतरेल? प्रथिनासारखे द्रव्य टोचल्यावर जे काम करते, ते खाल्ल्यावर करीलच असे नाही, कारण जठर आणि आतडी प्रथिनांचे तुकडे करून टाकतात. इन्शुलिनची गोळी न घेता ते टोचून का घ्यावे लागते, याचे कारण हेच. शिवाय कारल्याची जात, जमीन, ऋतू, कोवळेपणा यांप्रमाणे त्यातील द्रव्यांचे प्रमाण बदलते. आजचे कारले आणि उद्याचे कारले सारखे नसते. गोळी मात्र रोज सारखीच असते.

म्हणूनच खरी कसोटी उंदरांवर नव्हे, माणसांवर लागते. २०११ साली थायलंडमधील एका अभ्यासात नव्यानेच मधुमेह आढळलेल्या रुग्णांना चार आठवडे वाळवलेल्या कारल्याची पूड देण्यात आली. रोज २,००० मिलिग्रॅम पुडीने साखर थोडी उतरली; परंतु १,००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनच्या गोळीने ती अधिक उतरली. २०१२ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा चार अभ्यासांचा एकत्र पडताळा घेतला. त्यांत मिळून ४७९ रुग्ण होते. निष्कर्ष असा निघाला, की दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावर कारल्याची शिफारस करावी इतका पुरावा हाती नाही. याचा अर्थ कारले निरुपयोगी आहे असा होत नाही. ते गोळीची जागा घेऊ शकते हे सिद्ध झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आपण कारले खातो तरी कसे? आधी चकत्या मिठात चोळून त्यांचा रस पिळून टाकतो, मग चिंच आणि मुबलक गूळ घालतो, किंवा कुरकुरीत होईपर्यंत तेलात तळतो. रोगाला चार शब्द सुनवायला पाठवलेल्या दूताची वाटेतच गुळाने समजूत घालावी, असा हा प्रकार!

मेथी : हैदराबादची साक्ष

कारल्यापेक्षा मेथीची साक्ष अधिक भक्कम आहे, आणि तीही घरची. १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झालेले आणि पुढे १९५८ साली हैदराबादला आलेले संशोधन केंद्र आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखले जाते. या संस्थेच्या संशोधकांचा मेथीवरील अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. इन्शुलिनवर असलेल्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांना दहा दिवस आहारातून रोज १०० ग्रॅम तेलविरहित मेथीपूड दिली गेली. उपाशीपोटीची साखर उतरली आणि चोवीस तासांत मूत्रावाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. रक्तातील कोलेस्टेरॉलही कमी झाले.

मेथी हे कसे साधते? मेथीच्या दाण्याचा सुमारे निम्मा भाग तंतूंचा, म्हणजे ज्याला आपण चोथा म्हणतो त्याचा असतो. भिजवलेली मेथी बुळबुळीत होते ती त्यातील डिंकासारख्या तंतूमुळे. हा बुळबुळीत पदार्थ आतड्यांत अन्नाभोवती जणू चिखल करतो आणि त्यातून साखरेला रक्तापर्यंत सावकाश वाट काढावी लागते. मेथीत एक वेगळे अमिनो आम्लही आहे. रक्तात साखर वाढलेली असेल तरच ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याची चेतना देते, असे फ्रान्समधील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले.

परंतु पुन्हा मापाचा प्रश्न येतोच. रोज १०० ग्रॅम मेथीपूड म्हणजे मोठा वाडगाभर पूड. आपण रात्री भिजवतो ते चमचाभर दाणे. चमचाभर मेथीने चमचाभर लाभ होईल, वाडग्याचा होणार नाही. आणि बाळंतिणीसाठी केलेला तूपगुळाचा मेथीचा लाडू ‘मेथीचाच तर आहे’ म्हणून खाणाऱ्या मधुमेही आजोबांना काय म्हणावे!

हीच गोष्ट परदेशी भाज्यांबाबतही दिसते. २०१७ साली स्वीडनमधील संशोधकांनी ब्रोकोलीच्या मोडांपासून काढलेले सल्फोराफेन नावाचे द्रव्य ९७ रुग्णांवर बारा आठवडे पारखले. ज्यांचे वजन फार आणि साखर बेताबाहेर होती, त्यांना त्याचा लाभ झाला. मात्र त्यांतील जवळजवळ सर्व रुग्ण मेटफॉर्मिन घेत होतेच. आणि रोजच्या मात्रेत जितके सल्फोराफेन होते, तितके भाजीतून मिळवायचे तर दिवसाला सुमारे पाच किलो ब्रोकोली खावी लागली असती.

एका रानझाडाची गोष्ट

मग वनस्पतीचे औषध कधी होतच नाही काय? होते, आणि त्याचे सर्वोत्तम उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या घरातील औषधाच्या डबीतच आहे. आज मधुमेहावर जगभर दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी ही मुळात एका झुडपाची पणती आहे. गॅलेगा हे ते झुडूप. युरोपातील जुन्या औषधी परंपरेत त्याला स्थान होते. पण जनावरांनी ते फार खाल्ले तर ती दगावत. त्याच्यात ग्वानिडीन जातीची द्रव्ये असल्याचे रसायनशास्त्रज्ञांना आढळले. ग्वानिडीनमुळे प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते हे १९१८ साली प्रसिद्ध झाले. १९२०च्या दशकात झुडपातील मूळ द्रव्य माणसांना देऊन पाहिले, पण ते औषध म्हणून टिकले नाही. त्याच सुमारास, १९२२ साली, डब्लिन येथे त्याच्या जवळच्या नात्यातील मेटफॉर्मिन हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले. परंतु तोवर टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले होते. त्या तेजापुढे हा मिणमिणता दिवा मागे पडला. अखेर फ्रान्समधील वैद्य झाँ स्टर्न यांनी १९५७ साली मेटफॉर्मिनचे रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. पुढे त्याच कुळातील फेनफॉर्मिन हे औषध रक्तात आम्ल साचून रुग्ण दगावू लागल्यामुळे १९७०च्या दशकात अनेक देशांत बंद करावे लागले. मेटफॉर्मिनवरही संशय आला, परंतु तपासणीत ते पुष्कळच निर्धोक ठरले. अमेरिकेतील बाजारात ते येण्यास १९९५ साल उजाडले.

भोंडल्याच्या गाण्यांतील कारल्याच्या वेलाची गोष्ट ठाऊक नसलेली मराठी स्त्री विरळा. माहेरी जायला निघालेल्या सुनेला सासू आधी कारल्याचे बी पेरायला लावते; मग वेल वाढायचा, फूल यायचे, कारले लागायचे, भाजी व्हायची, आणि मगच माहेर! गाण्यातली सासू खाष्ट खरी. पण औषधशास्त्रातली हीच सासू आपली हितकर्ती आहे. झाडात गुण दिसला, की द्रव्य वेगळे करायचे, ते प्राण्यांना देऊन पाहायचे, मग थोड्या माणसांना, मग पुष्कळ माणसांना, मात्रा ठरवायची, मूत्रपिंड आणि यकृत यांना काही इजा होते का हे पाहायचे. एकेक पायरी पार पडल्यावाचून पुढे जाऊ द्यायचे नाही. फेनफॉर्मिन वाटेत अडले आणि मेटफॉर्मिन माहेरी पोहोचले, ते या कडकपणामुळे. कारल्याचा वेल अजून फुलावर आहे. त्याला आजच माहेरी पोहोचलेला समजणे हा उतावीळपणा होय.

कडूपणाचा इशारा

हा उतावीळपणा कधीकधी जिवावर बेततो. २०१० साली दिल्लीत एका मधुमेही शास्त्रज्ञांनी रोजच्याप्रमाणे भाज्यांचा रस घेतला. त्या दिवशी त्यातील दुधी भोपळा कडू होता. उलट्या व रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. त्यानंतर या प्रश्नाचा विचार करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्ये असतात. एरवी ती नगण्य असतात. पण एखाद्या फळात अचानक वाढली, की ते फळ कडू लागते. त्यांवर उतारा नाही. म्हणून दुध्याचा तुकडा आधी चाखून पाहावा. कडू लागला तर तो टाकून द्यावा, आणि रस पिऊन मळमळ, उलटी अथवा पोटदुखी सुरू झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ‘औषध कडूच असते’ ही समजूत येथे घात करते. कारल्याचा कडूपणा हा त्याचा स्वभाव आहे. दुध्याचा कडूपणा हा इशारा आहे.

दुसरा धोका असा, की भाजी आणि गोळी यांचा परिणाम एकावर एक चढू शकतो. १९७९ सालीच ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कारल्याची भाजी आणि मधुमेहाची एक गोळी यांच्या अशा संयोगाची नोंद झाली होती. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याने रोज पेलाभर रस सुरू केला, तर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता वैद्यकीय मदत मिळवावी. गरोदर स्त्रियांनी कारल्याचा रस व अर्क टाळलेलाच बरा.

तिसरा आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे चालू औषध बंद करणे. साखर वाढली तरी बरेच दिवस काही दुखत नाही. म्हणून रस लागू पडला असे वाटते. तोवर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा मुकाट्याने झिजत राहतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तर शरीर इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले आणि काळ पालटला. अशा मुलाचे इन्शुलिन एखाद्या भाजीच्या भरवशावर थांबवणे म्हणजे १९२१ च्या आधीच्या जगात त्याला परत लोटणे होय. नाव-गाव नसलेल्या ‘शुद्ध वनस्पतीच्या’ पुड्यांपासूनही सावध असावे. त्यांत कधी इंग्रजी गोळ्याच कुटून घातलेल्या, तर कधी जड धातू मिसळलेले आढळले आहेत.

मग ताटात काय वाढावे?

वाचकहो, हे सारे वाचून भाजीविषयी मन कलुषित होऊ देऊ नका. भाजीला औषधाच्या सिंहासनावर बसवू नये एवढेच सांगणे आहे. ताटातील तिचे स्थान मात्र वाढवलेच पाहिजे. त्यासाठी दूर कोठे जाण्याचे कारण नाही. आपले मराठी ताटच पुरेसे आहे. मध्ये भात, उजवीकडे भाज्या, डावीकडे चटणी-कोशिंबीर ही आपली मांडणी. काळाच्या ओघात मधला भात पसरत गेला आणि दोन्ही बाजू नावापुरत्या उरल्या. त्या पुन्हा पसरू द्याव्यात. अर्धे ताट भाज्यांनी आणि कोशिंबिरीने भरावे. मेथी, अंबाडी, चाकवत, शेपू, गवार, दोडका, पडवळ, भेंडी, न कडवणारा दुधी आणि गुळावाचून केलेले कारले, या सगळ्यांतील चोथा साखरेची धाव मंदावतो, पोट भरतो आणि भाताला आपोआप आवर घालतो. रस काढून चोथा फेकण्यापेक्षा भाजीच खावी, कारण भाजीचा निर्विवाद गुण त्या चोथ्यातच आहे. त्याला रोजच्या चालण्याची जोड द्यावी. विहीर नाही खणली तरी चालेल!

कारले किंवा मेथी नियमाने घ्यायचीच असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. ते रागावतील या भीतीने पुष्कळ लोक सांगत नाहीत आणि मग साखर का उतरली, का चढली, याचा उलगडा कोणालाच होत नाही. आधी व नंतर साखर मोजावी, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी वेळच्या वेळी करावी, आणि गोळी कमी करायची की नाही हे त्या आकड्यांवरून डॉक्टरांनीच ठरवावे. शेजारच्या मामांची साखर उतरली असेलही. पण ती रसाने, त्यांनी सोडलेल्या मिठाईने, की सोबत चालू असलेल्या गोळीने, हे मामाही सांगू शकणार नाहीत.

आजीच्या हातची कारल्याची भाजी आणि प्रयोगशाळेतून आलेली गोळी यांत वैर नाही. दोघींचे मूळ वनस्पतीतच आहे; एकीची परीक्षा स्वयंपाकघरात झाली, दुसरीची हजारो रुग्णांवर. एकीने पोसावे, दुसरीने सावरावे. ताटात भाजी असावी, डबीत गोळी असावी, आणि एकीसाठी दुसरीला घराबाहेर काढण्याची घाई आपण करू नये.